आधी गुडघा वर घ्या, मग पैसे द्या

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याच्या नादाने मलाही गळाच्या मासेमारीची गोडी लागली आहे. घरापासून जवळच रॅरिटन नदीची साउथ ब्रँच आहे. तिथल्या केन लॉकवुड गॉर्जमध्ये मी नवऱ्याचा जुना वेडर आणि त्याचेच बूट घालून उतरते. माझी उंची 5 फूट 1 इंच, त्याची 5 फूट 9. वेडर पोटऱ्यांवर गोळा होतो, बुटात पाय मागेपुढे सरकतो. बूट घट्ट बसावेत म्हणून दोन जाड मोजे घातले, तर दुपारपर्यंत बोटं बधिर होतात. ऑक्टोबरात सॅमनसाठी न्यूयॉर्क राज्यात पुलास्कीला जायचं ठरतंय, म्हणून आता माझे स्वतःचे घ्यायचे आहेत. दुकानात म्हणाले, "ढगळच घ्या, थंडीत आत जाड कपडे घालावे लागतात." नवरा म्हणतो, सगळ्यात महाग घे, म्हणजे प्रश्नच नको. कुणाचं ऐकू?

– एक वाचक, हंटरडन काउंटी

उत्तर : दुकानदाराचं निम्मं ऐका, नवऱ्याचं त्याहून थोडं कमी.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. वेडर म्हणजे पावलांपासून छातीपर्यंत येणारी, खांद्यावरच्या पट्ट्यांनी तोललेली, पाणी आत येऊ न देणारी विजार. ट्राउट आणि सॅमन थंड पाण्यात राहतात. मागे झाडी असली की काठावरून दोर फेकता येत नाही, मग माणूस नदीत उतरतो आणि तासन् तास मांडीभर पाण्यात उभा राहतो. पाणी 10-12 अंशांचं असेल तर उघड्या पायांनी हे जमत नाही.

दुकानात ढगळ दिसणारा वेडर पाण्यात ढगळ राहतच नाही. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो : अर्ध्या मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 50 ग्रॅम, एका मीटरवर 100 ग्रॅम. तो चहूकडून कापड पायाला चिकटवतो. आतली हवा वर पळते आणि जास्तीच्या कापडाच्या चुण्या पडतात. या चुण्या दाबाखालीच एकमेकींवर घासत राहतात. दोन मांड्यांच्या मध्ये, गुडघ्याच्या मागे आणि सगळ्यात वाईट म्हणजे बुटाच्या आत. जुन्या वेडरला भोकं बहुधा याच जागी सापडतात. लोक काट्यांना दोष देतात, पण काट्याने पडलेलं भोक दिसतं तरी आणि बुजवताही येतं. चुणीच्या रेघेवर झिजलेलं कापड आज इथे बुजवलं की उद्या दोन बोटं खाली गळतं. तुमच्या पोटरीवर गोळा होणारं कापड आतापर्यंत बरंच झिजलं असेल, तेव्हा नवऱ्याला तो परत देताना तेवढं सांगून ठेवा.

शिवाय वाहतं पाणी त्या फुगवट्याला धरून ओढतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि रेटा किती क्षेत्रावर बसतो यावरही सगळं अवलंबून असतं. बारीक पायाला जिथे नुसती ओढ जाणवते, तिथे ढगळ वेडर पाऊल उचलताच ते बाजूला नेऊन ठेवतो.

घट्ट वेडरचं दुखणं वेगळं. दगडावर चढायला गुडघा वर घेतला की सगळा ताण आसनाच्या शिवणीवर येतो. वेडरच्या शिवणीवर आतून जलरोधक पट्टी चिकटवलेली असते, ती ताणाने हळूहळू सुटते. पट्टी सुटली की पाणी नेमकं तिथून येतं आणि दुरुस्तीला ती जागा अडचणीची. शिवाय आत लोकरीचे थर घातले की घट्ट वेडर ते दाबून टाकतो. लोकरीची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेत असते. हवाच पिळून काढली तर कितीही थर घाला, उपयोग नाही. दुकानदाराचं निम्मं खरं ते इथे. कमरेला, नितंबांना आणि छातीला मोकळीक हवीच. पायाच्या लांबीत आणि पावलात ती नको.

म्हणून मापं घेण्याचा क्रम उलटा ठेवा, पावलापासून सुरुवात करा. आजकालचे बहुतेक चांगले वेडर मोजेवाले असतात : खाली 3-4 मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनचा, म्हणजे कृत्रिम रबराचा, मोजा जोडलेला आणि त्यावर वेगळे बूट. दुसऱ्या प्रकारात रबरी गमबूटच विजारीला जोडलेला असतो. तो घालायला सोपा, सपाट तळाच्या तळ्यात बरा. पण गमबुटाला नाडी नसते, टाच आत उचलली जाते आणि घोट्याला आधार मिळत नाही. गोट्यांच्या नदीत तुम्ही मोजेवालाच घ्या. त्याचा मोजा तुमच्या पावलाएवढा हवा. नेहमीचा जाड मोजा घालून पाय आत गेला की बोटांपुढे निओप्रीनची घडी राहता कामा नये, टाचेमागे फुगा राहता कामा नये. मोठ्या मोज्याची घडी बुटात दुमडून दिवसभर बोटांवर दाबत राहते. बोटं बधिर होण्याचं निम्मं कारण तुमच्याकडे हेच असणार. उरलेलं निम्मं ते दोन जाड मोजे. रक्त पुढे जायला वाट नसेल तर लोकर काय करणार?

पावलानंतर आसनापासून जमिनीपर्यंतची लांबी. मग शरीराचा सर्वांत मोठा घेर, तो नितंबांचा असो वा पोटाचा. कमरेचा घेर मोजून वेडर घेणारे लोक पहिल्यांदा खाली बसले की फसतात. हा घेर ऑक्टोबरात आत जे घालणार त्या कपड्यांवरून मोजा. उंची आणि वजनाचा तक्ता सगळ्यात शेवटी बघा, कारण 5 फूट 1 इंच उंचीच्या दोन बायकांच्या पायांची लांबी सारखी असेलच असं नाही. पुरुषांचा स्मॉल मात्र घेऊ नका. तो तुम्हाला पायात लांब, पावलात मोठा, छातीला रुंद आणि नेमका नितंबांना आवळ बसेल. बायकांच्या मापाचे वेडर आता बऱ्याच कंपन्या काढतात आणि त्यात आखूड पायाचं, रुंद घेराचं असे उपप्रकारही असतात. पैसे वाचवायला काही ठेंगण्या बायका मुलांचे वेडर घेतात. पाऊल आणि लांबी जमून जाते. घेर जमला तर खुशाल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. खांद्याचे पट्टे मागून सोडता येतात का, हेही बघा. दिवसभर नदीवर राहायचं आणि वरचं जॅकेट न काढता आडोशाला जायचं, तर या एका सोयीची किंमत बाईलाच कळते. वेडर आखणाऱ्या पुरुषांच्या हे उशिरा लक्षात आलं.

आता दुकानातली परीक्षा. आतले कपडे, मोजे, वेडर, बूट सगळं अंगावर चढवा. गुडघ्याएवढ्या उंच स्टुलावर एक पाय ठेवा : आसनात ओढ बसली नाही, खांद्याचे पट्टे खाली खेचले गेले नाहीत, तर लांबी बरोबर. मग पूर्ण उकिडवं बसा आणि हात न टेकता उठा. गुडघे टेकून पुढे वाका, मासा सोडताना वाकतो तसं. सरळ उभं राहून खाली बघा. घोट्यावर एखादी सैल चुणी चालेल, तीन-चार वळ्या चालणार नाहीत. उकिडवं बसताना दुकानातले लोक बघतात, बघू द्या. बाहेरून मागवलात तर हेच घरात गालिच्यावर करा. लेबलं काढू नका, जमलं नाही तर परत पाठवा.

कापडाबद्दल फार डोकं शिणवू नका. निओप्रीन 1930 मध्ये ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्याच्या फेसाळ थरात वायूचे बंद बुडबुडे असतात, म्हणून तो ऊब धरतो. तो ताणला जातो, त्यामुळे मापातली थोडी चूक पोटात घालतो. पण घाम बाहेर सोडत नाही, आणि काठाने मैलभर चालायचं तर आतून भिजायला होतं. दुसरं कापड पातळ, थरांचं, वाफ बाहेर सोडणारं. त्याची सुरुवात अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी 1969 मध्ये गरम टेफ्लॉन झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचं पटल केलं तिथून झाली. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. मात्र वाफ बाहेर पडते ती आत ऊब-दमटपणा आणि बाहेर गारवा असेल तेव्हाच, आणि आतले कपडे ती वाहून नेत असतील तरच. जीन्स घालून अशा वेडरमध्ये शिरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं; सुती कापड घाम पिऊन बसतं आणि पाय गार करतं. मेरिनो लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची अंगाबरोबर बसणारी पँट, त्यावर फ्लीसची दुसरी, बस. तुम्हाला एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत एकच वेडर वापरायचा असेल तर हेच कापड घ्या. थंडीत आत थर वाढवा. हजार डॉलरच्या घरातल्या वेडरला गुडघ्यावर जादा थर, पुढे चेन, आत ऊबदार खिसे मिळतात. दोन-तीनशेत मापाला बसणारा मिळाला तर तो त्या हजारवाल्या बेमापापेक्षा जास्त वर्षं कोरडा राहील.

वाचलेले पैसे बुटांवर घाला.

वेडर गळला तर तुम्ही ओल्या व्हाल. बूट घसरला तर मनगट मोडेल. तरी लोक वेडर निवडण्यात महिना घालवतात आणि बूट येता येता उचलतात. वेडिंग बूट दिसायला डोंगरात चालायच्या बुटासारखे, पण पाणी शिरून बाहेर निघून जावं अशी त्यांची रचना असते. आत पाणी असतंच, पाय कोरडा ठेवायचं काम वेडरच्या मोज्याचं. बुटाचं काम टाच आणि घोटा धरून ठेवणं. म्हणून बूट निओप्रीनच्या मोज्यासकट घालून बघायचे. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे घ्यावे लागतात का? काही कंपन्या मोज्याची जाडी धरूनच बूट शिवतात, काही तुमच्यावर सोडतात. त्या-त्या कंपनीचा तक्ता बघितल्याशिवाय यावर सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुरुषांचे वेडिंग बूट बहुधा सातच्या मापापासून सुरू होतात, म्हणजे तुम्हाला तिथेही बायकांचेच बघावे लागतील.

बूट संध्याकाळी घालून बघा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. नाडी खालून वर सारखी ओढून बांधा. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत, सगळी, फक्त अंगठा नाही. टाच उचलली जाता कामा नये. उतरत्या फळीवर उभं राहा, नसेल तर जमिनीवर दोन-चारदा बुटाचं टोक आपटा : बोटं पुढे टेकली तर बूट लहान आहे, आणि ओढ्याचा उतार उतरताना नखं काळी पडतील. चवड्याला रुंदी पुरेशी आहे का, हे जरूर बघा. वर्षानुवर्षं चपला वापरलेला आपला पाय पुढून पसरट झालेला असतो. नाडीऐवजी चकती फिरवून तार आवळणारे बूटही मिळतात. गारठलेल्या बोटांना ते सोयीचे आहेत. चकतीत वाळू गेली की कुरकुरतात, तार तुटली तर नदीवर गाठ मारता येत नाही. मी नाडीवालेच सांगेन.

तळव्यांचे तीन प्रकार. फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेल्या तंतूंचा जाड थर, काश्मिरी नमद्याच्या जातीचा. तो शेवाळाच्या बुळबुळीत थरातून दगडाच्या खाचाखोचांत बसतो. ओल्या गोट्यावर त्याची पकड चांगली. पण चिखलाच्या उतारावर आणि ओल्या गवतावर तो घसरतो, बर्फात त्याला खाली बर्फाचे गोळे चिकटतात. रबरी तळवा नेमका उलटा : पायवाटेवर उत्तम, शेवाळावर अपुरा. तिसरा रबरात किंवा फेल्टमध्ये कठीण धातूचे खिळे बसवलेला, आणि बूट घेताना नाही घेतले तरी खिळे नंतर बसवता येतात. पुलास्कीची सॅमन रिव्हर शेवाळी दगडांसाठी नावाजलेली आहे, तिथे खिळे लागतीलच असं धरून चला. मात्र वाटाड्याच्या नावेत चढणार असाल तर आधी विचारा. तळाला ओरखडे पडतात म्हणून बरेच जण खिळे चालवून घेत नाहीत.

फेल्टचं एक वेगळं लफडं आहे. ते वाळायला फार वेळ घेतं आणि तंतूंत एका नदीतलं शेवाळ, गोगलगायी, माशांच्या रोगांचे जंतू दुसऱ्या नदीत नेऊ शकतं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर 2004 मध्ये डिडिमो नावाचं एकपेशीय शैवाल सापडलं. ते दगडांवर गलिच्छ लोकरीसारखे थर धरतं. 2008 मध्ये तिथे गळाच्या मासेमारीत फेल्टवर बंदी आली. अमेरिकेत मेरीलँड आणि व्हरमाँटने 2011 मध्ये बंदी घातली. व्हरमाँटने ती 2016 मध्ये उठवली, कारण डिडिमोचे थर पाण्यात फॉस्फरस फार कमी झाल्यानेही वाढतात असं दरम्यान पुढे आलं होतं. यलोस्टोन उद्यानात 2018 पासून फेल्ट चालत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी त्या-त्या राज्याची मासेमारीची नियमपुस्तिका बघा. माझं मत विचाराल तर नव्याने घेणाऱ्याने रबर आणि खिळे घ्यावेत. पण रबर घेतलं म्हणजे धुण्यातून सुटका नाही. नाड्यांत, शिवणीत, आतल्या अस्तरात तेच जंतू बसतात. न्यूझीलंडची चिखलातली गोगलगाय तांदळाच्या दाण्याहून मोठी नसते आणि एकटी मादी नव्या पाण्यात वंश सुरू करू शकते. अमेरिकेत ती 1987 मध्ये स्नेक नदीत सापडली, आता तुमच्या राज्यातल्या मस्कोनेटकाँगमध्येही आहे. घरी आल्यावर चिखल काढा, धुवा आणि आतूनबाहेरून हाताला कोरडं लागेपर्यंत वाळवा. त्यानंतरही दुसऱ्या नदीत उतरण्यापूर्वी 48 तास कोरडं ठेवा, असा न्यूझीलंडचा सल्ला आहे.

पट्ट्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. वेडरबरोबर येणारा कमरेचा पट्टा शोभेचा नाही. पाण्यात शिरताना मांडीपर्यंत पाणी आलं की एकदा खाली बसल्यासारखं करा, आतली हवा वरून निघून जाईल, आणि मग पट्टा आवळा. हवा राहिली तर ती पाय वर उचलते. तशीही कंबरेएवढ्या पाण्यात शरीराचं जवळपास निम्मं वजन पाणीच उचलतं, म्हणजे तळव्यावरचा भार आणि त्याबरोबर पकड निम्मी होते. खोल पाण्यात माणूस अचानक तरंगल्यासारखा सरकतो तो याच कारणाने. पडलात तर वेडरमध्ये भरलेलं पाणी तुम्हाला बुडवतं, हा मात्र गैरसमज आहे. पाण्यात पाण्याला वजन नसतं. ते जाणवतं बाहेर चढताना. अमेरिकेतले नामवंत फ्लायफिशर ली वुल्फ यांनी हे सिद्ध करायला वेडर घालून पुलावरून बॅटनकिल नदीत उडी मारली आणि पोहून दाखवलं. तुम्ही तसं करू नका. पट्टा आवळलेला असला की पाणी हळू शिरतं आणि ऊब थोडी टिकते, एवढं पुरे. पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने, आणि हळूहळू काठाकडे.

किती खोल जायचं? नद्यांचा प्रवाह मोजायला पाण्यात उतरणाऱ्या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या लोकांत एक ठोकताळा चालतो : फुटांतली खोली गुणिले सेकंदाला फुटांतला वेग 10 च्या वर गेला की उतरायचं नाही. तो सरासरी बांध्याच्या प्रशिक्षित माणसासाठी आहे. तुमच्या उंचीला मी 6 वर थांबेन. म्हणजे दोन फूट पाणी सेकंदाला तीन फुटांनी वाहत असेल तर तिथेच गळ टाका. पुलास्कीला वरच्या धरणातून पाणी सोडतात, तेव्हा सकाळची खोली दुपारी तीच राहील असं धरू नका. एक काठी कमरेला अडकवून ठेवा. नवऱ्याची नव्हे, तुमच्या उंचीची.

प्रश्न : मे महिन्यात हिमाचलमध्ये तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जातो आहोत. पुण्यात वेडर मिळत नाहीत. ऑनलाइन पीव्हीसीचे, गमबूट जोडलेले स्वस्त मिळतात. घेऊ का? की आपल्याकडे खाडीत पाग टाकणारे उघड्या पायांनी उतरतात तसं चालेल?

– एक वाचक, पुणे

उत्तर : खाडीचं पाणी कोमट, तीर्थनचं वितळलेल्या बर्फाचं. उघड्या पायाने चार मिनिटं उभं राहता येईल, चाळीस नाही.

पण पीव्हीसीचा तो वेडर घेऊ नका. तो मत्स्यतळ्यात, गटारात, तुंबलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांसाठी बनतो. एक-दोन ढोबळ मापांत येतो आणि त्याचा गमबूट तळाला सपाट असतो. तीर्थनमध्ये टेबलाएवढ्या शिळांवरून चढउतार करावी लागते, तिथे हा पोशाख पायातली बेडी होईल. शिवाय मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी दुपारनंतर चढतं. त्या नदीत तसंही फार आत जायचं नसतं. बहुतेक मासे शिळांच्या आडोशाला, काठापासून काही हातांवरच असतात.

तुमच्यासाठी सोपा मार्ग असा : चांगले वेडिंग बूट, त्यात निओप्रीनचे स्वतंत्र मोजे, वर लवकर वाळणारी पँट आणि आत लोकरीची चड्डी. गुडघ्यापर्यंतच उतरायचं. पाय गार पडले की शिळेवर बसून चहा प्यायचा. बूट मात्र परदेशातून येणाऱ्या कुणाकडून मागवा, आणि मागवताना निओप्रीनच्या मोज्यासकट पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. भारतीय, ब्रिटिश आणि अमेरिकी आकड्यांत घोळ होतो, सेंटिमीटरमध्ये होत नाही. कुणाचे वापरलेले बूट मिळाले तर फेल्टचे नकोत. कुलूच्या बाजूला ट्राउट आणून वाढवायला इंग्रजांनी 1909 मध्ये महिलीला उबवणी केंद्र काढलं, तेव्हापासून त्या खोऱ्यांतली ट्राउट टिकून आहे. बाहेरच्या नदीचा रोग तिथे नेण्याची गरज नाही. मत्स्य विभागाचा परवाना घ्या. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, मे महिन्यात तो प्रश्न येत नाही.

प्रश्न : माझा वेडर गळतो की मला घामच येतो, हे कसं ओळखायचं?

– एक वाचक, सिॲटल

उत्तर : ओल कुठे आहे ते बघा. पोटऱ्या आणि मांड्या सगळीकडून सारख्या दमट असतील तर घाम. काठाने चालत गेल्यावर वाढत असेल तर नक्कीच घाम. एकाच जागी, शिवणीजवळ किंवा मोज्याच्या टोकाला चिंब आणि बाकी कोरडं असेल तर भोक.

भोक शोधायला वेडर उलटा करून वाळवा. वाफ सोडणाऱ्या थरांच्या कापडावर आतल्या बाजूने औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. जिथे सूक्ष्म भोक असेल तिथे गडद ठिपका उमटतो. निओप्रीनवर ही युक्ती चालत नाही. त्यात पाणी भरून बाहेर कुठे पाझरतं ते बघावं लागतं. ठिपक्याभोवती पेनाने खूण करा, कापड पूर्ण वाळू द्या, मग युरेथेनचा डिंक बोटाच्या पेराएवढ्या गोलात पातळ पसरा आणि रात्रभर हात लावू नका. ठिपके एका रेघेत, चुणीच्या बाजूने ओळीने आले तर डिंक वाया घालवू नका. तो वेडर तुम्हाला लांब आहे. आखूड पायाचा नवा घ्या.